सातारचा राजपथ

पोवई नाक्यावरून पश्चिमेकडे निघून कमानी हौद, देवी चौक, मोती चौक अशी ठिकाणे मागे टाकीत जो रस्ता राजवाड्याशी येऊन ठेपतो, तो सातारचा राजपथ. आणि त्याच्याच उत्तरेस, उताराच्या खालच्या अंगाने धावणाऱ्या कर्मवीर पथाला ‘खालचा रस्ता’ म्हणण्याची वहिवाट असल्यामुळे जुन्या सातारकराच्या तोंडी राजपथाचे नाव ‘वरचा रस्ता’ असेच येते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरणीवर हे शहर वसले असल्याने या दोन रस्त्यांना आडव्या बोळांनी शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडून घेतले आहे.

१७०८ साली राज्याभिषेक करवून घेतलेल्या शाहू महाराजांनी किल्ल्याखाली जे शाहूनगर वसविले, त्यातूनच या पेठा वाढल्या. दरबार आला की सराफ येतो, कापडवाला येतो, हलवाई येतो; आणि सातारचे विशेष असे की, १८४८ साली संस्थान खालसा होऊन दरबार उठला, तरी बाजार उठला नाही. मोती चौकालगत असलेल्या खणआळीत लग्नसराईच्या दिवसांत आजही जावळी-कोरेगावकडची कुटुंबेच्या कुटुंबे बस्त्यासाठी उतरतात. दुकानदार गादीवर ठाणामागून ठाण उलगडीत असतो, घरातली थोरली बाई काठ बोटांत चुरगळून पाहते आणि भावाची बोली तिच्या होकारावाचून पुढे सरकत नाही. तेथून राजवाड्याकडे वळताच खवा भाजल्याचा वास येऊ लागतो. कंदी पेढ्याचे सारे मर्म या भाजण्यात आहे: मंद आचेवर खवा तांबूस होऊन रवाळ उतरेपर्यंत कारागिराला उलथने खाली ठेवता येत नाही, आणि साखरही बेतानेच पडते. डोंगरी मुलखातल्या दुधाचा कस त्यात उतरतो असे जाणकार सांगतात, व ते मला पटते.

रस्त्याच्या या टोकाला प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, १८२४ च्या सुमारास उभा राहिलेला जुना राजवाडा आहे. महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. पण त्यांच्या वाड्यात पुढे जे सरकारी हायस्कूल भरू लागले, त्याच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. ज्या वास्तूत सनदा लिहिल्या गेल्या, तिच्याच दफ्तरात पुढे राज्यघटना सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीच्या अध्यक्षाचे नाव विद्यार्थी म्हणून नोंदले जावे, याहून मोठा मान कोणत्या राजवाड्याला मिळाला असेल, हे मला ठाऊक नाही.

म्हणूनच पेढे घेऊन मोती चौकातूनच माघारी फिरणाऱ्या पाहुण्याविषयी मला मनापासून हळहळ वाटते. त्याने चार पावले पुढे जावे, आणि नगरपालिकेने व सरकारने या वाड्याच्या लाकडी खांबांची, भिंतींवरील चित्रांची निगा बाजाराच्या वाहतुकीइतक्याच तातडीने राखावी.