मीटरचा आकडा म्हणजे निकाल नव्हे

निंबर्गा, आळंद हा तुरीचा मुलूख. रास झाली, पोती भरली, की खरेदी केंद्रावर पहिला प्रश्न येतो ओलाव्याचा. सरकारी खरेदीत तुरीला 12 टक्क्यांची मर्यादा आहे. मीटरवर 12.5 दिसलं की वर्षभराची मेहनत अडकते. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा निर्णय म्हणजे रेषीय अंशांकनातली (मीटरचं वाचन आणि ज्ञात ओलावा सरळ रेषेनं जोडण्यातली) परिकल्पना चाचणी आहे. तिच्याविषयीचे चार गैरसमज शेतकरी आणि खरेदीदार, दोघांनाही महाग पडतात.

गैरसमज 1 : मीटर थेट पाणी मोजतो.
वस्तुस्थिती : मीटर मोजतो दाण्यांचा विद्युत गुणधर्म. ओव्हनमध्ये सुकवून, वजनातली घट पाहून ज्यांचा ओलावा ठरवला आहे असे नमुने आधी मीटरवर मोजतात आणि त्यांतून सरळ रेषा काढतात. पुढे नव्या नमुन्याचा ओलावा त्या रेषेवरून उलट शोधला जातो. म्हणून रेषा तुरीचीच हवी. गव्हाची रेषा तुरीला लावू नये.

गैरसमज 2 : मीटर आणि ओव्हनच्या आकड्यांचा सहसंबंध 0.99 आहे, म्हणजे मीटर बिनचूक.
वस्तुस्थिती : प्रत्येक वेळी नेमका एक टक्का जास्त दाखवणाऱ्या मीटरचा सहसंबंधही तितकाच चांगला येतो. सहसंबंध रेषेचा सरळपणा सांगतो, खरेपणा नाही.

गैरसमज 3 : एक वाचन पुरेसं आहे.
वस्तुस्थिती : समजा, 8 ते 16 टक्के ओलाव्याच्या, समान अंतरावरच्या 9 नमुन्यांवरून रेषा काढली. मीटर सरासरीनं खरा ओलावाच दाखवतो, पण वाचनं रेषेभोवती 0.3 इतक्या प्रमाण विचलनानं विखुरतात. एकाच वाचनात 12.5 आलं, तर प्रमाण त्रुटी 0.32 आणि टी-मूल्य (मर्यादेपासूनचा फरक त्रुटीच्या किती पट) 1.58. पाच टक्के पातळीवर एकतर्फी चाचणीची सीमा 1.895 आहे, म्हणजे मर्यादा ओलांडल्याचं सिद्ध होत नाही. राशीतल्या चार वेगवेगळ्या नमुन्यांची सरासरी 12.5 आली, तर त्रुटी 0.18 आणि टी-मूल्य 2.77. आता पुरावा ठोस आहे. एकच मूठ चारदा मोजली तर ते चार नमुने होत नाहीत. आणि शंभर नमुने घेतले तरी रेषेची स्वतःची 0.1 इतकी त्रुटी उरतेच.

गैरसमज 4 : मर्यादा ओलांडल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणजे तूर कोरडी ठरली.
वस्तुस्थिती : पुरावा अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ. ‘तूर मर्यादेत आहे’ असं धरून चाचणी सुरू केली तर संशयाचा फायदा शेतकऱ्याला मिळतो. उलट धरलं तर खरेदीदाराला. काय धरायचं, ते माप घेण्याआधी ठरलं पाहिजे आणि दोघांना ठाऊक असलं पाहिजे.

पोती परत गाडीत चढवण्याआधी शेतकऱ्यानं तीन प्रश्न विचारावेत : मीटरचं अंशांकन तुरीवर झालं आहे का, कधी झालं, आणि राशीतले किती नमुने मोजले? तो त्याचा हक्क आहे.