भरारी पथकातले डॉक्टर

बीएएमएस झालेल्या मित्रांनो, नवसंजीवनी योजनेतलं भरारी पथक माहीत आहे? १९९५ पासूनची ही योजना. त्यातले डॉक्टर आदिवासी भागात पाड्यापाड्यांवर फिरून रुग्ण तपासतात. तोरणमाळ परिसरात या फिरण्याचा खरा अर्थ कळतो. सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंची, गाडीरस्ता संपला की पायवाट. कित्येकदा रुग्ण बांबूच्या झोळीतूनच दवाखान्यापर्यंत येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी तर तरंगता दवाखाना बोटीतून गावं गाठतो, मला त्याचं फार अप्रूप आहे!

जाणार असाल तर आधी पावरी बोली शिका. बाळाचं वजन घटतंय, हे आईला तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. आणि पाड्यावर पोचलात की पहिल्यांदा आशाताईंना भेटा. कुठल्या घरात कोण गरोदर, त्यांना तोंडपाठ असतं.