लसीतला मदतनीस आणि यादीतली गाळलेली जागा

वसईच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात घराला घर लागून असते. खोकल्या-शिंकेतून पसरणारा आजार अशा वस्तीत एका घरात थांबत नाही. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. ती जिवाणूंमुळे आली तर चोवीस तासांतही मूल दगावू शकते. वाचलेल्या काहींना कायमचे बहिरेपण येते.

यावर लस आहे. पण या जिवाणूंवर साखरेच्या साखळ्यांचे कवच असते आणि दोन वर्षांखालील बाळाचे शरीर ते नीट ओळखत नाही. म्हणून लसीत ती साखर प्रथिनाला जोडतात. शिवाय अनेक लसींत तुरटीच्या कुळातला ॲल्युमिनियमचा क्षार घालतात. हे सहायक द्रव्य शरीराच्या रक्षक पेशींना टोचलेल्या जागी गोळा करते. तुरटीचा हा गुण ग्लेनी यांनी १९२६ मध्ये दाखवला.

१९९६-९७ च्या साथीत आफ्रिकेत २५ हजारांवर माणसे मेली. त्यानंतर डोसला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. २०१० मध्ये ती बुर्किना फासोत पोहोचली. तिच्यात ॲल्युमिनियम फॉस्फेट होते. पुढे पाच गटांवरील नव्या लसीची मालीत ३७६ बालकांवर चाचणी झाली. सहायक द्रव्याचा खास फायदा दिसला नाही, म्हणून ते वगळले. उपयोग असेल तर ठेवा, नसेल तर काढा; विज्ञानात पुराव्यापुढे कोणाची भीड नसते. २०२४ मध्ये ही लस नायजेरियात सुरू झाली.

आणि आपल्याकडे? हिब आणि न्यूमोकोकस या दोन जिवाणूंवरच्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पेंटाव्हॅलेंट ६, १०, १४ आठवड्यांना. न्यूमोकोकल ६, १४ आठवड्यांना व ९ महिन्यांना. दोन्हींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. अफवांना बळी न पडता हे डोस पूर्ण केलेच पाहिजेत. तिसरा जिवाणू मेनिंगोकोकस. त्याची लस नियमित सरकारी यादीत नाही. खासगीत ती हजारो रुपयांना पडते. पुण्याची लस आफ्रिकेच्या गरीब मुलाला मिळावी हे योग्यच; पण ती पाचूबंदरच्या मुलाच्या यादीत का नसावी?

येथे रुग्ण कमी आहेत, असे उत्तर मिळेल. पण पाठीच्या मणक्यातील पाणी तपासल्याशिवाय जिवाणू अनेकदा सापडत नाही, आणि न सापडलेला जिवाणू आकडेवारीत येत नाही. म्हणून आधी सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि नोंद हवी. मग लस लागते की नाही, हे आकडे जाहीर करून ठरवा. लसीतला मदतनीस शास्त्रज्ञांनी पुराव्यावर ठेवला आणि पुराव्यावरच काढला. सरकारी यादीलाही तीच कसोटी लावा.