मनालीच्या वाटेवर ट्राउट

कुलूहून मनालीला जाताना पतलीकुहलला सरकारी ट्राउट केंद्र लागतं. मुलं बरोबर असतील तर थांबाच. हा मासा मूळचा इथला नाही. गळ टाकून बसायच्या हौसेपायी इंग्रजांनी त्याची अंडी बोटीने हिंदुस्थानात आणली. लांबट हौदांतून थंड पाणी सतत वाहतं ठेवतात, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. अंड्यांचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे मे महिन्यातल्या आपल्या गर्दीची ती गंमत हुकते! १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात रेनबो ट्राउटचं अंडं साधारण महिन्याभरात फुटतं. त्याआधी कवचातून पिल्लाचे काळे डोळे दिसू लागतात. तोवर अंड्यांना धक्का सोसत नाही. बाहेर आलेलं पिल्लू सुरुवातीला पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावरच जगतं.