फिलरच्या सुईआधी सोनोग्राफी

फिलर म्हणजे: खोलगट भाग भरण्यासाठी त्वचेखाली टोचलेली जेल. बहुतेक वेळा ती हायलुरोनिक अ‍ॅसिडची असते. बोटॉक्स वेगळे, ते स्नायू सैल करते.

धोका: जेल धमनीत गेली तर रक्तपुरवठा तुटतो आणि त्वचा मरू शकते. भुवयांमधला भाग आणि नाक सर्वांत जोखमीचे. तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असल्याने, क्वचित का होईना, कायमचे अंधत्व येऊ शकते.

सोनोग्राफीने धमन्यांचा नकाशा कसा काढतात:
• उच्च वारंवारतेचा, साधारण 15 ते 20 मेगाहर्ट्‌झचा प्रोब.
• सोनोग्राफीच्या जेलचा जाड थर, हलका हात. दाबले की बारीक शिरा पडद्यावरून नाहीशा होतात.
• कलर डॉप्लरमध्ये लाल म्हणजे प्रोबकडे येणारा प्रवाह, निळा म्हणजे दूर जाणारा. लाल म्हणजे धमनी, हा गैरसमज.
• धमन्यांची जागा व खोली माणसागणिक, डाव्या-उजव्या गालातही बदलते. तपासणीने धोका घटतो, संपत नाही.

उतारा: हायलुरोनिडेज. फक्त हायलुरोनिक अ‍ॅसिडची जेल विरघळवते.

कायदा: गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, 1988 चा, केंद्राचा 1994 चा. याच कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्रातच वापरता येते.

चंद्रपूर-गडचिरोली: चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2015 चे. गडचिरोलीतल्या भामरागड, सिरोंचाहून मोठे रुग्णालय कित्येक तासांवर, म्हणून लक्षण दिसताच निघा.

लगेच डॉक्टर गाठा: त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणे, तीव्र वेदना, अंधुक दिसणे. सकाळपर्यंत थांबू नका.