वऱ्हाडचा प्रतिनिधी आणि दिल्लीचे सभागृह

वऱ्हाडातल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीचा मतदार आज हिंगोली लोकसभा मतदारसंघात, म्हणजे पैनगंगेपलीकडच्या मराठवाड्याबरोबर मतदान करतो आणि त्याने निवडलेला खासदार इतर कोणत्याही खासदाराच्या बरोबरीने सभागृहात बसतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र वऱ्हाडच्या प्रतिनिधीला एवढाही दर्जा नव्हता. वऱ्हाड हा नावापुरता निजामाचा मुलूख, 1902 च्या करारान्वये सालीना 25 लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिलेला. तो कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे, 1919 च्या सुधारणांतून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात येथील मतदारांनी निवडलेल्या माणसाला सरकारने पुन्हा ‘नियुक्त’ केल्यावरच जागा मिळे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे याच जागेवरून दिल्लीला गेले.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ नेल्सन पोल्स्बी यांनी 1968 साली कायदेमंडळाच्या संस्थीकरणाच्या, म्हणजे माणसे बदलली तरी कामाची रीत टिकण्याच्या, तीन खुणा सांगितल्या: भोवतालापासून वेगळे अस्तित्व, अंतर्गत कामाची वाढती विभागणी आणि व्यक्तीऐवजी नियम पाहून होणारा निर्णय. ज्या सभागृहाच्या दाराची किल्ली सरकारच्या हाती, ते पहिल्याच खुणेवर अडते. ती किल्ली सभागृहाच्या हाती एकदम आली नाही. 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेल अवघ्या दोन मतांनी पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले आणि त्यांनी अडवणुकीसाठी सभागृहात शिरलेल्या आपल्या स्वराज्य पक्षाशी संबंध तोडला. 1929 मध्ये सभागृहाचे स्वतंत्र कार्यालय झाले, म्हणजे कारकुनापासून सचिवापर्यंतचे नोकर सरकारच्या खात्यातून बाहेर पडले. त्याच वर्षी, कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरचा मेरठ कटाचा खटला न्यायप्रविष्ट असताना त्याला स्पर्श न करता सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर चर्चा होऊच शकत नाही, असा निर्णय पटेलांनी दिला आणि सरकारला वटहुकमाचा आश्रय घ्यावा लागला. परक्या सत्तेला तिच्याच नियमांत अडकवण्याची ही शाळा होती. अडवणुकीसाठी आत गेलेली मंडळीच नियमांत सर्वांत तरबेज झाली, हा विनोद इतिहासाचाच.

अण्यांनी 1930 मध्ये सभागृह सोडले आणि जुलैत शेजारच्या पुसदला राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. पण 1935 मध्ये ते त्याच सभागृहात परतले. संस्थेच्या बळाची ही खूण पोल्स्बींच्या यादीत नाही, तरी आपल्याकडे तीच निर्णायक वाटते: रागाने बाहेर पडलेल्याला परत यावेसे वाटणे.

सभागृहाला संस्था बनवण्याचे पुढचे काम दुसऱ्या मराठी माणसाने केले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळात, 1953 मध्ये, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती नेमली गेली. वटहुकमांच्या सढळ वापराबद्दल त्यांनी खुद्द नेहरूंना लिहून नापसंती कळवली. 1954 मध्ये त्यांच्याच विरुद्ध त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला, तो रीतसर चर्चेला घेतला गेला आणि फेटाळला गेला. असा ठराव विचाराधीन असताना अध्यक्षाने अध्यक्षस्थानी बसायचे नाही, हे राज्यघटनेच्या 96 व्या अनुच्छेदानेच ठरवलेले आहे. स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते अणे 1959 च्या पोटनिवडणुकीत नागपूरहून त्या लोकसभेत गेले आणि 1962 मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. या वेळी मतदारांच्या कौलावर कोणाच्या नियुक्तीचा शिक्का लागला नाही.