माइंड मॅपमधली आडवी रेघ

डॉन स्वॉन्सन हे शिकागो विद्यापीठात माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. ते डॉक्टर नव्हते. १९८६ मध्ये त्यांनी वैद्यकातले दोन वेगवेगळ्या विषयांवरचे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले. पहिला विषय रेनॉचा विकार. या विकारात थंडी लागली की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. अशा रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं आणि त्यांच्या प्लेटलेट्स एकमेकींना जास्त चिकटतात, असं त्या निबंधांत नोंदवलेलं होतं. दुसरा विषय माशाचं तेल. या तेलाने रक्ताचा दाटपणा उतरतो आणि प्लेटलेट्सचं चिकटणं कमी होतं, हे तिकडच्या निबंधांत होतं. दोन्हीकडची माहिती छापलेली, ग्रंथालयात कोणालाही उघडता येणारी. पण इकडचे संशोधक तिकडचं वाचत नव्हते आणि तिकडचे इकडचं. स्वॉन्सन यांनी मधली रेघ ओढली: माशाचं तेल रेनॉच्या रुग्णांना उपयोगी पडायला हवं. तीन वर्षांनी एका वैद्यकीय चाचणीत, ज्यांना हा विकार दुसऱ्या कुठल्या आजारामुळे झालेला नव्हता अशा रुग्णांमध्ये, तसा फायदा दिसलाही. दरम्यान १९८८ मध्ये त्यांनी मायग्रेन आणि मॅग्नेशियम यांच्यामधले असेच ११ दुर्लक्षित दुवे दाखवून दिले होते.

या कामात नवी माहिती काहीच नव्हती. नवा होता तो फक्त दुवा. आणि माझं म्हणणं असं, की माइंड मॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात मोलाची सोय हीच आहे: दोन लांबच्या फांद्यांवरच्या कल्पना आडव्या रेघेने जोडण्याची. रंग, चित्रं, फांद्यांच्या वळणदार रेषा यांवर तासन् तास खर्च होतात आणि ही सोय बहुतेक वेळा न वापरताच राहते.

माइंड मॅप हा प्रकार लोकप्रिय केला ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी. १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांची ‘यूज युअर हेड’ ही मालिका झाली. मधोमध विषय, त्यातून फुटणाऱ्या जाड फांद्या, त्यांना बारीक डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीवर एकच शब्द, ही त्यांची पद्धत. कागदावरचा हाच आराखडा पुढे फ्रीमाइंड, फ्रीप्लेन, एक्समाइंड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आला. फ्रीमाइंडची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहण्यासारखी आहे. तिच्यात प्रत्येक कल्पना तिच्या वरच्या कल्पनेच्या पोटात लिहिलेली असते, ती वरची तिच्याही वरचीच्या पोटात, अशी रचना. म्हणजे प्रत्येक कल्पनेला आई एकच. आडवा बाण मात्र या घराण्याबाहेरचा. त्याची नोंद वेगळ्या ओळीत असते आणि त्या ओळीत दुसऱ्या कल्पनेचा ओळख-क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे फांदी उचलून दुसरीकडे नेली किंवा तिच्यावरचा शब्द बदलला, तरी बाण तुटत नाही.

गणितात अशा एकाच आईच्या रचनेला ‘वृक्ष’ म्हणतात. त्याचा नियम कडक आहे. नकाशात ४० कल्पना असतील, तर फांद्या नेमक्या ३९ आणि कोणत्याही दोन कल्पनांमध्ये वाट फक्त एक. पण ४० कल्पनांच्या जोड्या होतात ७८०. म्हणजे वृक्षाच्या नियमाने चालणारा नकाशा उरलेल्या ७४१ जोड्यांबद्दल काहीच बोलत नाही. शेजारच्या गावाला जायचं, पण एसटी आधी तालुक्याला जाणार आणि तिथून दुसरी गाडी धरायची, तशी ही रचना. मधली पायवाट नकाशावर नाहीच. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की मोठ्या जाळ्यात असे मोजकेच आडमार्ग टाकले, तरी सगळ्या ठिकाणांमधलं सरासरी अंतर झपाट्याने घटतं.

माणसाची स्मृती वृक्षासारखी आहे की जाळ्यासारखी, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजून पाहिला आहे. ती गोष्ट मला फार आवडते. १९६९ मध्ये ॲलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन यांनी लोकांना छोटी वाक्यं दाखवली आणि खरं की खोटं हे सांगायला किती वेळ लागतो ते नोंदवलं. ‘कॅनरी हा पक्षी आहे’ या वाक्याला उत्तर लवकर आलं, ‘कॅनरी हा प्राणी आहे’ याला थोडं उशिरा. एकेक पायरी वर चढायला साधारण ७५ मिलिसेकंद जास्त लागत होते. ज्ञान डोक्यात पायऱ्यापायऱ्यांनी, वृक्षासारखंच रचलेलं आहे, असा अर्थ यातून निघाला. पण चारच वर्षांत त्याला तडा गेला. ‘अस्वल हा सस्तन प्राणी आहे’ यापेक्षा ‘अस्वल हा प्राणी आहे’ हे वाक्य लोकांना लवकर पटतं, असं १९७३ च्या प्रयोगांत दिसलं. वृक्षाच्या हिशेबाने ‘सस्तन’ ही पायरी जवळची, तरीही उत्तर उशिरा. शेवटी १९७५ मध्ये कॉलिन्स यांनीच एलिझाबेथ लॉफ्टस यांच्यासोबत आपली रचना बदलली. नव्या रचनेत पायऱ्यांचा कडक क्रम नाही. कल्पनांचं जाळं आहे, कोणता दुवा घट्ट, कोणता सैल, आणि एक कल्पना जागी झाली की जागेपण तिच्या दुव्यांवरून सगळीकडे पसरतं. वृक्ष मांडणाऱ्यांपैकीच एकाने पुढे जाळं मांडलं.

मग आडवी रेघ ओढायची कशी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर माइंड मॅपकडे नाही, त्याच्या सख्ख्या भावंडाकडे आहे. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षं तपासत होते. मुलाखतींचे ढीग साचले आणि त्यांतून मुलाला नेमकं काय कळलं आहे हे एका नजरेत दिसेना. त्या गरजेतून १९७२ च्या सुमारास संकल्पना नकाशा जन्माला आला. त्यात दोन संकल्पनांमधल्या प्रत्येक रेघेवर शब्द लिहावाच लागतो, आणि संकल्पना, रेघ, संकल्पना असं सलग वाचलं की अर्थपूर्ण विधान तयार व्हावं लागतं. नोव्हाक आणि बॉब गोविन यांनी १९८४ च्या पुस्तकात हे नकाशे तपासण्यासाठी गुण ठरवून दिले. साध्या बरोबर विधानाला १ गुण. नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना जोडणाऱ्या, बरोबर आणि महत्त्वाच्या आडव्या दुव्याला १०. हा फरक मला अगदी योग्य वाटतो. फांदीवर शब्द टाकायला यादी पाठ असली तरी पुरते. आडवी रेघ ओढायला दोन्ही टोकं समजलेली असावी लागतात.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरातमल आणि नागार्जुन जी. यांनी या विषयावर काम केलं आहे. रेघेवरचे शब्द वाटेल तसे वापरण्याऐवजी ठरावीक अर्थाचे वापरावेत, म्हणजे ‘भाग आहे’ आणि ‘प्रकार आहे’ यांची सरमिसळ होणार नाही, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. मधल्या चौकटीतून निघालेल्या रेघांच्या टोकांना रिकाम्या चौकटी. त्या भरल्या की गुण मिळतात, पण रेघा मुक्याच राहतात. त्या बोलक्या करायला एका शब्दाइतकीच जागा लागते.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचा नकाशा करून पाहा. मध्ये कास, आणि हवामान, खडक, वनस्पती अशा तीन फांद्या. हवामानाखाली पाऊस. खडकाखाली जांभा. वनस्पतींखाली फुलांची नावं आणि त्यांत दवबिंदू व सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती. एवढ्यावर थांबलं, तर ती पर्यटन पुस्तिकेतली यादी झाली. आता पावसापासून जांभ्याकडे बाण ओढा आणि त्यावर लिहा, ‘विरघळणारी द्रव्यं धुवून नेतो’. बेसॉल्टवर असंख्य पावसाळे कोसळले, सिलिका आणि क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तोच जांभा. मग जांभ्यापासून दवबिंदूकडे बाण, ‘माती पातळ ठेवतो, नत्र कमी पुरवतो’. मुळांना मातीतून नत्र मिळेना, म्हणून दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते आणि सीतेची आसवं पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना इवल्या फुग्यांत ओढून घेतात. दोन बाणांनी तीन फांद्यांची एक कहाणी झाली: इथल्या काही वनस्पतींना किडे का खावे लागतात, याचं उत्तर इथल्या पावसात आहे. ‘संबंधित आहे’ एवढंच लिहिलं असतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. रेघेवर क्रियापद हवं, आणि बाणाचं टोक कुठल्या दिशेला हे ठरवायला हवं.

रेघा फार झाल्या तर मात्र नकाशा वाचता येत नाही. वृक्ष कितीही मोठा असला तरी रेघा एकमेकींना न छेदता काढता येतो. पण पाचच ठिपके घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला जा, एक तरी छेद होतोच. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून सुटका करू शकत नाही. म्हणून जिच्यामुळे ‘का’ किंवा ‘कसं’चं उत्तर मिळतं तेवढीच रेघ ठेवावी.

आणखी एक गोष्ट परीक्षेच्या तयारीला लागलेल्यांसाठी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा समोर ठेवून संकल्पना नकाशा काढला. काहींनी उतारा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे निघाले, आणि परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला तेव्हाही तेच पुढे राहिले. यातून नकाशे फेकून द्यावेत असं मला वाटत नाही. पुस्तक उघडं ठेवून काढलेला नकाशा बराचसा नक्कल असतो, एवढं यातून कळतं. तेव्हा धडा वाचा, पुस्तक मिटा आणि रिकाम्या पडद्यावर नकाशा काढा. फांद्या झाल्या की निदान तीन आडव्या रेघा ओढा आणि प्रत्येकीवर क्रियापद लिहा. क्रियापद सुचलं नाही, तर धड्याचा तेवढा भाग पुन्हा वाचा.